गोरक्षचा डावा पाय

गोरक्षचा गुडघा गेला तेव्हाचा आवाज मी ऐकला, असं सांगितलं की लोक हसतात. हलगी कडाडत असताना गुडघ्याचा आवाज कुठून ऐकू येणार, म्हणतात. हसू देत. मी आखाड्याच्या कडेला अगदी पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि वाळलेली तुराटी पायाखाली यावी तसा तो आवाज होता. मग गोरक्ष ओरडला आणि हलगी थांबली.

मी मच्छिंद्र. टेम्पो चालवतो. बाजाराच्या शेळ्या, लग्नाच्या मांडवाचं सामान आणि यात्रांच्या दिवसांत पैलवान, जे मिळेल ते भाडं घेतो. चैत्र लागला की आमच्या जामखेडच्या अंगाला गावोगाव यात्रा सुरू होतात आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात आणि शेवटची कुस्ती नामी पैलवानांची. गोरक्ष हा शेवटच्या कुस्तीचा पैलवान होता. कुस्ती हाच त्याचा धंदा. त्याच्या इनामांवर घर चालायचं, आणि त्याच्यामुळे माझ्या टेम्पोचंही दोन महिने बरं चालायचं.

घरात तो आणि त्याची आई कडूबाई, दोघंच. बाप बिभीषण ऊसतोडीला गेला असताना ट्रॉली उलटली, तो तिच्याखाली सापडला. तेव्हा गोरक्षला नुकतं कुठं तालमीत घातलं होतं. कडूबाईचं नावच बघा. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिला कडू ठेवलं, म्हणजे मरणाला ही नकोशी वाटावी. ती जगली. तिच्या भोवतीची माणसं मात्र जात राहिली. ज्या वर्षी गोरक्षनं पहिल्यांदा शेवटची कुस्ती मारली, त्या वर्षी त्यानं आईच्या हातातला ऊसतोडीचा कोयता घेऊन आढ्याला खोचला आणि म्हणाला, आता याला हात लावायचा नाही. गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण आमच्याकडे आढ्याला खोचलेला कोयता सहसा तिथं राहत नाही.

तर गुडघा. आतली शीर तुटली होती. नगरला नेऊन ऑपरेशन केलं. मीच नेलं, मागं गादी टाकून, आणि आष्टीपासून पुढं प्रत्येक खड्ड्याला कडूबाई मला शिव्या घालत होती. डॉक्टर म्हणाले, शीर बसवली आहे, पण पुढचं याच्या मेहनतीवर. मेहनतीला गोरक्ष कधी कमी पडला नाही. फडक्याच्या पिशवीत वाळू भरून ती घोट्याला बांधायची आणि बाजेवर पडून पाय वर-खाली करायचा. पाय वर जाताना तो दात खायचा आणि चुलीपुढं बसलेली कडूबाई पण दात खायची. पुढं शेळ्यांमागं चालणं, मग डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्या, मग जोर, मग बैठका. एक चैत्र असाच गेला. यात्रांच्या हलग्या लांबून ऐकू यायच्या तेव्हा तो घरात जाऊन झोपायचा.

दुसरा चैत्र जवळ आला तेव्हा वस्ताद आबासाहेबांनी त्याला तालमीत उभा केला, मांडीवर थाप मारून बघितली आणि म्हणाले, "आपल्याच यात्रेत लढायचं. बजरंगसंगं."

बजरंग शेजारच्या गावचा. उंच, हाडापेरानं दणकट, आणि त्याचा एकच डाव सगळीकडे गाजलेला. पट. समोरच्याच्या पायात शिरून पाय उचलायचा आणि माणूस उताणा पाडायचा. आबासाहेबांनी मुद्दाम त्याला निवडला. म्हणाले, बजरंगच्या हाताखालून गुडघा नीट निघाला म्हणजे गोरक्ष परत आला असं समजायचं. यात काही चूक नव्हती, असं मला आजही वाटतं.

पण हे कडूबाईच्या कानावर गेलं.

ती माझ्या टेम्पोतून गेली असती तर मला कळलं असतं. ती एसटीनं गेली, कुणाला न सांगता, बजरंगच्या गावी. हे सगळं मला पुढं बजरंगनंच सांगितलं. तो दारात म्हैस धूत होता. ही म्हातारी आली, पाणी नको म्हणाली, चहा नको म्हणाली, आणि अंगणात त्याच्यापुढं तिनं पदर पसरला.

"म्या तुला हार म्हनत न्हाई," ती म्हणाली. "खुशाल पाड त्याला. निसतं त्याच्या डाव्या पायाला हात लावू नगंस."

"काकू, पटाबिगर म्या लढू कसा?"

"ते मला कळत न्हाई बाबा. मला त्यो पाय तेवढा कळतो. नवरा गेला, आता हे एक लेकरू हाय."

आमच्याकडे बाईनं पदर पसरला की तो रिकामा परत पाठवत नाहीत. वैऱ्याच्या घरची असली तरी नाही. बजरंगच्या आईनं आतून तांदूळ आणून कडूबाईच्या पदरात टाकले, म्हणजे शब्द दिला गेला. बजरंगला आता तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

यात्रेच्या हगाम्यात शेवटची कुस्ती लागली. पंचांनी दोघांचे हात हातात दिले, हलगी वाजली. बजरंग हातानं झोंबत राहिला, मानेवर जोर लावत राहिला, पण खाली वाकला नाही. आम्हाला वाटलं, गोरक्षचा दरारा अजून आहे. शेवटी गोरक्षनं त्याला कमरेत घेऊन असा आपटला की धुळीत दोघेही दिसेनात, आणि धूळ बसली तेव्हा बजरंगची पाठ मातीला होती. मी रडलो. खोटं कशाला सांगू, आबासाहेबांसारखा दगड माणूस रडला. पोरांनी गोरक्षला खांद्यावर घेऊन घरापर्यंत नेलं. दारात कडूबाई उभी होती. जिंकला का हरला हे तिनं विचारलं नाही. "गुडगा?" एवढंच म्हणाली. तो हसला आणि त्यानं दारातच उठाबशा काढून दाखवल्या.

इथवर राहिलं असतं तर एका आईची भीती म्हणून सोडून दिलं असतं. पण हरलेल्या पैलवानाला तालमीत जाब द्यावा लागतो. बजरंगनं आपल्या वस्तादांना खरं कारण सांगितलं. त्या तालमीतल्या पोरांनी ऐकलं. ती पोरं कर्जतच्या हगाम्याला गेली, पाथर्डीच्या गेली. गोरक्षच्या डाव्या पायाला हात नाही, त्याच्या आईनं पदर पसरलाय, एवढं वाक्य एका आखाड्यातून दुसऱ्या आखाड्यात गेलं. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. ज्यानं त्यानं ऐकलं आणि मनाशी धरलं. आमच्याच तालमीतली पोरं सरावातही तो पाय सोडून लढू लागली. तिघांना तेवढं कुणी सांगितलं नाही. एक गोरक्ष, दुसरा त्याच्याबरोबर फिरणारा मी, आणि तिसरे आबासाहेब, कारण आबासाहेबांनी ऐकलं असतं तर तालमीला कुलूप लावलं असतं.

मला राग येतो तो याचाच. यात कुणी वाईट वागलंच नाही. एखादा हरामखोर सापडला असता तर त्याच्या दारात जाऊन चार शिव्या हासडून आलो असतो. आणि मला आधी कळलं असतं तर मीही गप्प बसलो असतो, हेही तितकंच खरं आहे.

तो मोसम गोरक्षचा होता. जाईल तिथं शेवटची कुस्ती, आणि जाईल तिथं विजय. काही अगदी खऱ्या होत्या, त्याच्या ताकदीच्या होत्या, ते नाकारत नाही. कमरेचा जोर परत आला होता, दम परत आला होता. येताना टेम्पोत तो माझ्या शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "मच्छूभाऊ, बघितलं का? माजा पट काढायची कुनाची छाती हुत न्हाई." आबासाहेबही मान डोलवायचे. त्यांना वाटायचं, पोरगं इतकं खाली बसून लढतं की समोरच्याला पाय दिसतच नाही. आणि हळूहळू गोरक्ष डावा पाय पुढं टाकून उभा राहायला लागला. पूर्वी तो पाय मागं असायचा. मला कुस्तीतलं फार कळत नाही, पण पुढं टाकलेला पाय मलाही दिसत होता.

दसऱ्यानंतर नगरला राज्य स्पर्धेची जिल्हा निवड होती. गोरक्षचं वय अठ्ठावीस. वस्तादांनी स्पष्ट सांगितलं होतं, या वर्षी राज्याला गेलास तर नोकरीचं काहीतरी होईल, पुढच्या वर्षी तुला कोणी विचारणार नाही. आम्ही सकाळीच निघालो. कडूबाईनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि गुडघ्यालाही लावला.

इथं माती नव्हती, गादीवरच्या, गुणांच्या कुस्त्या होत्या. पहिल्या दोन आपल्याच भागातल्या पोरांशी पडल्या. दोन्ही मारल्या. तिसरी रविराज नावाच्या पोराशी. जन्म श्रीगोंद्याचा, पण लहानपणापासून पुण्याच्या तालमीत वाढलेला. आमच्या यात्रा त्यानं पाहिलेल्या नाहीत, कडूबाई त्याला माहीत नाही. शिट्टी वाजली, हाताला हात लागला आणि रविराज सरळ डाव्या पायात शिरला.

त्या वेळी गोरक्षनं जे केलं ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यानं खाली वाकून आपल्या पायाकडे बघितलं. नुसतं बघितलं. पाय मागं ओढला नाही, अंगाचा भार टाकला नाही, मान दाबली नाही. घरात कुणी परका माणूस शिरावा आणि आपण दारात उभे राहून बघत बसावं, तसं. तेवढ्यात तो कुशीवर आडवा झाला. सावरून उठला, पुन्हा उभा राहिला, आणि पुन्हा डावा पाय पुढं. रविराजनं पुन्हा तोच पाय धरला. पोरगं हुशार होतं, भोक कुठं आहे ते त्याला कळलं होतं. गुणांचा फरक एवढा झाला की वेळ संपायच्या आत पंचांनी कुस्ती थांबवली आणि रविराजचा हात वर केला.

डॉक्टर धावत गादीवर आले. गोरक्ष म्हणाला, गुडघ्याला काही झालेलं नाही. त्यांनी वाकवून बघितला, दाबून बघितला. खरंच काही झालं नव्हतं. गुडघा ठणठणीत होता.

बाहेर नळावर तो तोंड धूत असताना बजरंग आला. तो दुसऱ्या वजनात लढायला आला होता. त्यानं गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला रडू फुटलं. तेवढ्यातच त्यानं सगळं सांगून टाकलं, म्हैस, पदर, तांदूळ, कर्जत, पाथर्डी. आबासाहेब तिथंच दगडावर खाली बसले. गोरक्षनं ऐकून घेतलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चला, मच्छूभाऊ." वाटेत कडा गावात मी चहालाही थांबलो नाही, सरळ घर गाठलं.

दारात कडूबाई होतीच. "गुडगा?" म्हणाली.

"बरा हाय," गोरक्ष म्हणाला. "आई, बजरंगच्या घरी गेल्तीस का तू?"

तिनं नाही म्हटलं नाही. "गेल्ते. म्या तुजा पाय राखला, बाबा."

"राखलास. पन मला इचारायचं तरी हुतं."

"तू न्हाईच म्हनला असतास."

"व्हय. न्हाईच म्हनलो असतो."

तो चिडला नाही याचं मला वाईट वाटलं. माणूस चिडला म्हणजे त्याच्यात काहीतरी शिल्लक असतं. पण आबासाहेब हार मानणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तालमीत सगळी पोरं गोळा केली. गुडघा शाबूत आहे, ताकद शाबूत आहे, सवय तेवढी मोडली आहे. रोज पाय धरा, रोज तो सोडवेल, चार महिन्यांत गडी जसाच्या तसा होईल, म्हणाले. पोरं पुढं आली, वाकली, आणि पायापाशी त्यांचे हात थांबले. आबासाहेबांनी शिव्या दिल्या, काठी उगारली. बजरंगलाही निरोप धाडून बोलावलं. तो आला, मातीत उतरला, गोरक्षनं डावा पाय पुढं केला. बजरंगनं दोनदा हात नेला आणि दोनदा मागं घेतला.

"वस्ताद, मला न्हाई जमत," तो म्हणाला. "काकूनं पदर मागं घेतल्याबिगर न्हाई जमत. माज्या आईनं तांदूळ घातल्यात."

मग गोरक्ष स्वतः घरी जाऊन आईला घेऊन आला. बाया तालमीच्या आत येत नाहीत, म्हणून ती बाहेरच्या पायरीवर उभी राहिली. आत बजरंग, गोरक्ष, सगळी पोरं, दारात आबासाहेब. आबासाहेब हात जोडून तिला म्हणाले, "कडूबाई, येक शब्द बोला. धर म्हना. बास." गोरक्ष आईकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मी तरी सोसली नसती.

कडूबाईनं तोंड उघडलं. ओठ हलले. मला खात्री आहे की तिला बोलायचं होतं. तिनं मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग तिची नजर खाली गुडघ्यावर गेली, त्यावरच्या टाक्यांच्या वळावर. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती तशीच घराकडे चालायला लागली. गोरक्षनं लंगोट सोडला, धुतला आणि खुंटीला अडकवला.

दिवाळी झाली. मुकादम गावात फिरायला लागला. ऊसतोडीला एकटं माणूस चालत नाही, जोडी लागते, आणि त्या जोडीलाच कोयता म्हणतात. गोरक्षनं मुकादमाला सांगितलं, एक कोयता धर, मी आणि आई. कडूबाई खूप रडली, ओझं कसं उचलशील म्हणाली. तो म्हणाला, "मंग हितं बसून खायाचं काय?" आणि बाजेवर चढून त्यानं आढ्याचा कोयता काढला. त्याला गंज चढला होता. आबासाहेब त्या दिवशी गावात नव्हते. मुद्दाम गेले होते, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं.

संक्रांतीच्या सुमारास राहुरीकडचं एक भाडं मिळालं. कडूबाईच्या जावेनं बाजरीचं पोतं दिलं होतं, ते पोचवायला मी त्यांच्या उसाच्या फडावर गेलो. मुळा नदीच्या पाण्यावरचा ऊस, माणूस हरवेल एवढा उंच. ट्रक भरायचं चाललं होतं. ट्रकला एक लांब फळी लावलेली, आणि त्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन वर चढायचं, टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. गोरक्ष ते करत होता. वाळला होता, काळा पडला होता. चढताना फळी वाकायची, सगळा भार डाव्या गुडघ्यावर यायचा, आणि तो सरळ वर जायचा. मी नीट बघितलं. एकदाही पाय लचकला नाही, एकदाही थरथरला नाही.

खाली कडूबाई मोळ्या बांधत होती, आणि तीही तेच बघत होती. रोज बघत असणार. तिचे हात मोळीवर थांबले.

"बरा झालाय गुडगा," ती म्हणाली. मला म्हणाली का स्वतःला, कळलं नाही. "कव्हाच बरा झालाय. समदं सोसतोय." मग तिनं माझा हात धरला. "मच्छिंदर, फोन हाय का? बजरंगला लाव. म्हनावं, काकू म्हनती धर. म्हनावं, काकूनं पदर मागं घेतला. लाव लवकर."

मी फोन काढला, लावला. रिंग वाजत होती. तोवर गोरक्ष खाली उतरला होता आणि त्यानं ऐकलं होतं. तो आमच्याजवळ आला. मला वाटलं आता तरी ओरडेल. मनापासून वाटलं, ओरडावं त्यानं. त्यानं डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, पुन्हा नीट बसवली.

"आता कशाला, आई?" तो म्हणाला. "हात दे."

मोळी डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. कडूबाईनं वाकून एका बाजूनं मोळी धरली, उचलली, त्याच्या डोक्यावर ठेवली. तो वळला, फळीवर आधी डावा पाय टाकला आणि चढायला लागला. फोनवर बजरंग हॅलो हॅलो म्हणत होता. मी फोन बंद करून खिशात ठेवला आणि पुढची मोळी उचलायला कडूबाईला हात दिला.